"फार ब्रिटिश होते" ही सबब आता पुरे झाली

कुठल्याही ब्रिटिश बँडबद्दल वाचायला घ्या, सगळं कौतुक करून झालं की शेवटी एक वाक्य हमखास येतंच, "अमेरिकेत मात्र ते चालले नाहीत." म्हणजे पोरगं बोर्डात आलं, नोकरीला लागलं, गावात दुमजली घर बांधलं, तरी शेजारच्या काकू विचारणार, "पण अमेरिकेला नाही ना गेला?" आणि त्या वाक्याला चिकटून कारणसुद्धा ठरलेलं असतं. "फार ब्रिटिश होते हो ते, अमेरिकन लोकांना कळलेच नाहीत." चाहते हे अभिमानाने सांगतात, टीकाकार कीव केल्यासारखं सांगतात, आणि मला दोघांचंही पटत नाही. अमेरिकेत न चालणं हा गाण्याचा निकाल नसतोच मुळी, तो धंद्याचा ताळेबंद असतो, आणि त्यात रस्ता, रेडिओ, पैसा आणि बँडमधल्या लोकांचा स्वभाव एवढ्याच रकमा मांडलेल्या असतात. ब्रिटिशपणाची रक्कम कुठेच सापडत नाही, मी तरी बरीच शोधली.

सगळ्यात जास्त ज्यांच्या बाबतीत हे बोललं जातं त्या द जॅमपासूनच सुरू करू. वोकिंग नावाच्या लंडनजवळच्या गावातली तीन पोरं, पॉल वेलर, ब्रूस फॉक्सटन आणि रिक बकलर. १९७७ ला पहिली रेकॉर्ड, १९८२ च्या डिसेंबरात बँड बंद, आणि या मधल्या काळात ब्रिटनमध्ये चार गाणी नंबर एकवर. लोक इतके वेडे होते की 'दॅट्स एंटरटेनमेंट' हे गाणं तिकडे सिंगल म्हणून काढलंच नव्हतं तरी जर्मनीहून मागवलेल्या रेकॉर्ड विकत घेऊन घेऊन लोकांनी ते चार्टात २१ नंबरपर्यंत नेलं. आणि अमेरिकेत? बिलबोर्ड मासिकाच्या हॉट १०० या खपणाऱ्या गाण्यांच्या यादीत यांचं एकही गाणं नाही. शंभरात एक नाही!

आता "फार ब्रिटिश" वाले लगेच म्हणतात, बघा, 'ईटन रायफल्स' सारखं गाणं, ते समजायला ईटनची बड्या घरच्या पोरांची शाळा म्हणजे काय प्रकरण आहे ते माहीत पाहिजे, ओहायोतल्या पोराला काय कळणार. ठीक आहे, थोडं तथ्य आहे. पण त्या पोरापर्यंत गाणं पोचलं होतं का हे आधी बघा ना. १९७८ मध्ये या बँडला अमेरिकेत ब्लू ऑयस्टर कल्टच्या आधी वाजवायला उभं केलं होतं, म्हणजे लांब केसवाल्या हेवी रॉकच्या पब्लिकसमोर सूट-टाय घातलेली तीन चिडकी पोरं. तिथे बीटल्स उभे केले असते तरी लोकांनी बाटल्याच फेकल्या असत्या. आणि १९८० च्या मार्चमध्ये 'गोइंग अंडरग्राउंड' थेट नंबर एकवर आलं तेव्हा बँड अमेरिकेत टूरवरच होता. बातमी कळल्यावर त्यांनी काय केलं, तर उरलेले शो सोडले आणि घरी परत आले, बीबीसी टीव्हीच्या टॉप ऑफ द पॉप्स या कार्यक्रमात गाणं सादर करायला. मला हा प्रसंग प्रचंड आवडतो, पण याला "अमेरिकेने नाकारलं" कसं म्हणायचं? यांनीच दुकान अर्ध्यात बंद केलं की.

बरं, ब्रिटिशपणाचं खरंखोटं तपासायचं तर शेफिल्डला जाऊ. एकच शहर, स्टीलच्या कारखान्यांचं, जवळपास एकाच वेळी तिथे दोन बँड तयार झाले, १९७७ मध्ये डेफ लेपर्ड आणि १९७८ मध्ये पल्प. डेफ लेपर्डचा 'हिस्टेरिया' एकट्या अमेरिकेत १ कोटी २० लाखांच्या वर गेला. पल्पचा 'डिफरंट क्लास' ब्रिटनमध्ये नंबर एक, 'कॉमन पीपल' नंबर दोन (नंबर एकवर कोण होतं तर टीव्ही मालिकेतले दोन नट, जुनं गाणं पुन्हा गाऊन, ब्रिटिश पब्लिकच्या चवीबद्दल फार हवेत जायचं कारण नाही), आणि अमेरिकेत त्यांना थोडेफार जाणकार सोडले तर कुणी विचारलं नाही.

यावर उत्तर तयार असतं, डेफ लेपर्ड अमेरिकन आवाजात वाजवायचे, म्हणून चालले. १९८० च्या रेडिंग फेस्टिवलमध्ये याच कारणासाठी त्यांच्यावर घरच्याच पब्लिकने हातात येईल ते फेकलं होतं. मान्य. पण मग जेथ्रो टलचं काय करायचं? बासरी वाजवणारा, एका पायावर उभा राहणारा माणूस, १९७२ चा 'थिक अॅज अ ब्रिक', अख्खा अल्बम म्हणजे एकच चाळीसेक मिनिटांचं गाणं, कव्हर म्हणजे इंग्लंडातल्या कुठल्यातरी काल्पनिक खेडेगावच्या वर्तमानपत्राचं विडंबन. याच्यापेक्षा जास्त ब्रिटिश काही असू शकतं का? अमेरिकेत नंबर एक. पुढच्या वर्षीचा, त्याहून अगम्य 'अ पॅशन प्ले', तोही नंबर एक. आणि घरी? घरी दोन्हींपैकी एकही नंबर एकवर गेला नाही. डेपेश मोड घ्या, बॅसिल्डनची सिंथेसायझरवाली फिकुटलेली पोरं, घरी आजवर एकही सिंगल नंबर एकला नाही, आणि १९८८ च्या जूनमध्ये कॅलिफोर्नियाच्या रोझ बोलमध्ये साठ हजार लोक यांना ऐकायला. लंडनचा बुश, ज्यांना लंडनमध्ये कुणी दारात उभं करत नव्हतं, त्यांचा 'सिक्स्टीन स्टोन' अमेरिकेत साठ लाख. लिव्हरपूलच्या अ फ्लॉक ऑफ सीगल्सचं 'आय रॅन' तिकडे पहिल्या दहात, घरी पहिल्या चाळिसातसुद्धा नाही. द फिक्स, फॉगहॅट... ही यादी लांबत जाईल. म्हणजे "तिकडे गाजले पण घरी नाही" अशा ब्रिटिश बँडची एक अख्खी जात आहे. मग त्यांच्याबद्दल आपण "फार अमेरिकन होते, ब्रिटनमध्ये चालले नाहीत" असं हळहळत बोलतो का? नाही बोलत. कारण मोजायची पट्टी एकाच बाजूला ठेवलेली आहे.

आणि एक पुरावा तर असा आहे की त्याच्यापुढे वाद घालायला जागाच उरत नाही. 'शी लव्ह्ज यू', बीटल्स, १९६३. ब्रिटनमध्ये या गाण्याने धुमाकूळ घातला होता. अमेरिकेतल्या कॅपिटल या कंपनीने, जिची मालकी बीटल्सच्याच ईएमआयकडे होती, गाणं नको म्हणून सांगितलं, मग फिलाडेल्फियाच्या स्वॉन नावाच्या छोट्या कंपनीने ते सप्टेंबरमध्ये काढलं आणि ते सपशेल पडलं. कुणी वाजवलं नाही, कुणी घेतलं नाही. सहा महिन्यांनी, १९६४ च्या मार्चमध्ये, तीच रेकॉर्ड, तेच गाणं, एक सूर न बदलता, अमेरिकेत नंबर एक. मधल्या काळात काय झालं? कॅपिटलने शेवटी पैसा ओतला आणि ९ फेब्रुवारीला एड सुलिव्हनच्या टीव्ही शोमध्ये ७ कोटींच्या वर लोकांनी यांना पाहिलं. गाणं सप्टेंबरात जेवढं ब्रिटिश होतं तेवढंच मार्चमध्येही होतं.

केट बुशचं 'रनिंग अप दॅट हिल' तसंच. (ती बँड नाही हे माहितीये, पण उदाहरण सोडवत नाही.) १९८५ ला अमेरिकेत ३० नंबर, २०२२ मध्ये एका नेटफ्लिक्स मालिकेत वाजलं आणि ३ नंबर. ती बाई अमेरिकेत टूरला कधी गेलीच नाही.

मग खरी कारणं कुठली? पहिलं कारण इतकं साधं आहे की लोकांना ते बोलायला लाज वाटत असावी. देश मोठा आहे. लंडन ते ग्लासगो साधारण साडेसहाशे किलोमीटर, एका व्हॅनमध्ये सामान टाकून दोन-तीन आठवड्यांत अख्खा ब्रिटन वाजवून होतो. न्यूयॉर्क ते लॉस एंजेलिस साडेचार हजार. आणि ब्रिटनमध्ये त्या काळात सगळं एकाच नळातून यायचं, १९६७ पासून बीबीसीचं रेडिओ १, दर गुरुवारी टॉप ऑफ द पॉप्स जे सत्तरच्या दशकात दीड कोटी लोक बघायचे, आणि एनएमई, मेलडी मेकरसारखी दर आठवड्याची पेपरं जी देशभर एकाच दिवशी पोचायची. गुरुवारी टीव्हीवर तीन मिनिटं दिसलात की शुक्रवारी शाळेत सगळी पोरं तुमच्याबद्दलच बोलणार. अमेरिकेत असा एक नळ नव्हताच. प्रत्येक शहराचा आपला रेडिओ, त्यात परत प्रकार, रॉकचं स्टेशन वेगळं, टॉप फोर्टीचं वेगळं, काळ्या लोकांचं संगीत वाजवणारं वेगळं, कंट्री वेगळं. तुम्ही ज्या खणात बसत नाही त्या खणात तुम्हाला कुणी वाजवत नाही. ब्रिटिश बँडची गोची अशी की घरी त्यांना "खण" हा प्रकार माहीतच नव्हता, टॉप ऑफ द पॉप्सवर ग्लॅम रॉक, रेगे, आजोबांचं बॅलड आणि कुत्र्याच्या आवाजाचं विनोदी गाणं एकाच अर्ध्या तासात व्हायचं.

वर रेडिओवर गाणं वाजायचं तर मधले प्रमोटर लागायचे, त्यांना पैसे लागायचे. हे काय सत्तरच्या दशकातलं पुराण नाही, २००५ मध्ये न्यूयॉर्क राज्याच्या चौकशीनंतर सोनी बीएमजीने १ कोटी डॉलर देऊन प्रकरण मिटवलं, आरोप हाच, स्टेशनवाल्यांना भेटवस्तू आणि पैसे देऊन गाणी वाजवून घेणं. त्याआधी १९९६ च्या कायद्याने एका कंपनीने देशात किती स्टेशनं घ्यायची यावरची मर्यादा काढली आणि काही वर्षांत क्लिअर चॅनल एकटी हजारावर स्टेशनं चालवायला लागली. म्हणजे आधी शेकडो दारं होती आणि प्रत्येकावर वेगळा द्वारपाल, नंतर एकच दार आणि एकच द्वारपाल, बाहेरच्या नवख्या बँडला दोन्ही अवघड.

या सगळ्याचा सगळ्यात मोठा बळी माझ्या मते स्लेड. वुल्व्हरहॅम्प्टनच्या बाजूची चार पोरं, नॉडी होल्डरचा तो घसा फाडणारा आवाज, मुद्दाम चुकीच्या स्पेलिंगची गाणी, आणि १९७१ ते १९७३ या तीन वर्षांत ब्रिटनमध्ये सहा नंबर एक. सहा! १९७५ मध्ये यांनी ठरवलं की आता अमेरिका, आणि ते सरळ तिकडे राहायलाच गेले. वर्ष-दीड वर्ष गावोगाव वाजवलं. लाइव्हला लोक नाचायचे, पण रेडिओ काही केल्या वाजवेना, कारण रॉकवाल्यांना यांचा पॉप हलका वाटायचा आणि पॉपवाल्यांना हा आरडाओरडा. परत आले तर घरी पंक सुरू झालं होतं आणि यांना कुणी ओळखेना. तेलही गेलं, तूपही गेलं, हाती धुपाटणं आलं. १९७७ च्या अल्बमचं नाव त्यांनी स्वतःच ठेवलं, 'व्हॉटेव्हर हॅपन्ड टू स्लेड'.

आता पुढची गंमत बघा. स्लेडचं 'कम ऑन फील द नॉइझ' १९७३ मध्ये अमेरिकेत ९८ नंबरवर जाऊन मेलं होतं. १९८३ मध्ये लॉस एंजेलिसच्या क्वाएट रायट नावाच्या बँडने तेच गाणं घेतलं, म्हणजे प्रोड्यूसरने घ्यायला लावलं, त्यांची स्वतःची इच्छा नव्हतीच, आणि ते ५ नंबरवर गेलं. त्यांचा अल्बम अमेरिकेत नंबर एक झाला, त्या वर्षी महिनोन्महिने तिथे ठाण मांडून बसलेल्या, द पोलिस या बँडच्या 'सिंक्रोनिसिटी'ला खाली ओढून. सूर तेच, शब्द तेच, घसा फाडणंसुद्धा तेच. फरक एवढाच की १९८१ च्या ऑगस्टमध्ये एमटीव्ही सुरू झाला होता आणि क्वाएट रायटकडे व्हिडिओ होता. मग स्लेडलाही जाग आली, त्यांनी 'रन रनअवे'चा किल्ल्यावरचा व्हिडिओ काढला, १९८४ मध्ये ते २० नंबरवर गेलं, टूर ठरली, आणि बँडमधला जिम ली आजारी पडला. टूर बारगळली. नशीब फुटकं असणं म्हणतात ते हे. पण कुणी सांगा मला, यात "अमेरिकनांना स्लेड कळले नाहीत" कुठे आहे? अमेरिकनांना स्लेड चांगलेच कळले, दहा वर्षं उशिरा आणि दुसऱ्याच्या तोंडून.

एमटीव्हीचंच घ्या. सुरुवातीला त्यांच्याकडे दाखवायला व्हिडिओच नव्हते कारण अमेरिकन बँड व्हिडिओ काढत नसत, ब्रिटिश बँड काढायचे, म्हणून दिवसभर ब्रिटिश बँड दिसायला लागले आणि १९८३ च्या उन्हाळ्यात बिलबोर्डच्या पहिल्या चाळिसात जवळपास निम्मी गाणी ब्रिटिशांची. अमेरिकन पब्लिक त्या दोन वर्षांत अचानक ब्रिटिशप्रेमी झालं होतं का? दुकानात जो माल मांडला तो खपला. आणि २००२ च्या एप्रिलमध्ये एक आठवडा असा आला की हॉट १०० मध्ये एकही ब्रिटिश नाव नाही, १९६३ नंतर पहिल्यांदाच, तेव्हा ब्रिटिश पेपरांनी जो गळा काढला तो विचारू नका. तोपर्यंत दुकान बदललं होतं.

दुसरं कारण स्वभाव, आणि इथे मी बँडवाल्यांना सोडणार नाही. घरी राजा झाल्यावर परत नवख्यासारखं उभं राहायला जमत नाही. दिवसभरात पाच रेडिओ स्टेशनांत जाऊन तेच पाच प्रश्न, तेच हसू, रात्री तीनशे लोकांसमोर शो, मग आठ तास बस. हे दोन-तीन वर्षं करायचं. ओअॅसिसचं बघा, १९९६ च्या ऑगस्टमध्ये नेबवर्थला दोन रात्रीत अडीच लाख लोक, आणि त्याच महिन्यात अमेरिकेची टूर सुरू व्हायची तर गायक लिअम विमानतळावरून परत फिरला, नंतर गेला, मग सप्टेंबरमध्ये त्याचा भाऊ नोएल भांडून घरी आला आणि टूर मोडली. तरीही 'वंडरवॉल' तिकडे ८ नंबरपर्यंत गेलं होतं आणि तो अल्बम चाळीस लाखांवर विकला गेला, आणि तरीही यांचं नाव "अमेरिकेत न चाललेले" या यादीत असतं! म्हणजे यशाची पट्टी किती उंच टांगलीये बघा, बीटल्सच्या खाली सगळं नापास. २०२५ ला हेच दोघे भाऊ परत आले आणि अमेरिकेतली स्टेडियमं भरली, न्यू जर्सीत आणि त्याच रोझ बोलमध्ये. सूर बदलला नव्हता, फक्त तीस वर्षांनी का होईना दोघे विमानात बसले.

स्टोन रोझेसनी तर पहिल्या अल्बमनंतर अमेरिकेला जायचंच टाळलं, मग रेकॉर्ड कंपनीशी कोर्टबाजी, मग पाच वर्षांनी दुसरा अल्बम, आणि १९९५ मध्ये एकदाचे अमेरिकेत पोचले तर गिटारवाला जॉन स्क्वायर कॅलिफोर्नियात सायकलवरून पडला आणि गळ्याजवळचं हाड मोडलं. त्यामुळे घरचा ग्लास्टनबरी फेस्टिवलचा मुख्य शो हुकला आणि त्यांच्या जागी ऐन वेळी कुणाला घेतलं? पल्पला. पल्पचा गायक जार्विस कॉकरचं नशीब उघडलं ते अमेरिकेतल्या एका सायकल अपघातामुळे, असं म्हटलं तरी चालेल. (नाहीतरी उघडलं असतं, पण ही कहाणी फारच छान जुळते.)

ब्लरचं प्रकरण जरा वेगळं आहे आणि इथे माझ्या विरोधकांची बाजू थोडी वरचढ आहे हे कबूल. १९९२ मध्ये कर्जात बुडालेल्या या बँडला पैसे मिळवायला चाळीसच्या वर शोंची अमेरिका टूर करायला लागली. दारू, भांडणं, घरची आठवण, सगळं झालं, आणि त्यांचा गायक डेमन अल्बार्न परत आला तो कमालीचा इंग्लंडप्रेमी होऊन. त्यातून १९९३ चा 'मॉडर्न लाइफ इज रबिश' आला आणि ब्रिटपॉप म्हणतात त्या नव्वदच्या दशकातल्या ब्रिटिश बँडच्या लाटेची पायाभरणी झाली. किंक्सचंही थोडं असंच. १९६५ च्या टूरनंतर अमेरिकन म्युझिशियन्स युनियनने त्यांना चार वर्षं तिकडे वाजवायला परवानगीच दिली नाही, आणि त्याच काळात त्यांच्या रे डेव्हिसने खेड्यातल्या हिरवळीवरची, जुन्या इंग्लंडवरची ती अप्रतिम गाणी लिहिली. तर लोक म्हणतात, बघा, अमेरिका मिळाली नाही म्हणूनच इतकं अस्सल काही निघालं. छान वाटतं ऐकायला. पण नीट बघितलं तर क्रम उलटा आहे, ब्रिटिशपणामुळे अमेरिका गेली नाही, अमेरिका गेल्यामुळे ब्रिटिशपणा आला. आणि हा फायदा सगळ्यांना होत नाही, स्लेडला झाला नाही. तोच अल्बार्न नंतर गोरिलाझ हा दुसरा बँड घेऊन गेला तेव्हा अमेरिकेने डोक्यावर घेतलं, आणि ब्लरचं म्हणाल तर 'साँग २' मधलं ते "वू-हू" आजही तिकडच्या प्रत्येक हॉकी मॅचमध्ये वाजतं, बँडचं नाव माहीत नसलेले लोक त्यावर उड्या मारतात.

काही कारणं तर निव्वळ कागदपत्रांची. सुएडला अमेरिकेत सुएड हे नावच वापरता आलं नाही, त्याच नावाची एक अमेरिकन गायिका आधीपासून होती, ती कोर्टात गेली, आणि यांना तिकडे 'द लंडन सुएड' व्हावं लागलं. नवीन बँडला नावच वेगळं, मग घरच्या पेपरांतली कौतुकं तिकडे कुणाला जोडता येणार? आणि मॅनिक स्ट्रीट प्रीचर्सबद्दल हसत लिहिता येत नाही, १९९५ च्या १ फेब्रुवारीला ज्या दिवशी अमेरिकेला निघायचं होतं त्याच दिवशी त्यांच्यातला रिची एडवर्ड्स हॉटेलमधून निघून गेला आणि पुन्हा कधी सापडला नाही. या वेल्श बँडने पुढे २००१ मध्ये हवानाला जाऊन फिडेल कॅस्ट्रोसमोर शो केला. अमेरिकेला जायच्या वाटेवरचं ते गाव नव्हे.

आपल्याकडून बघितलं तर या वादातलं माझं सगळ्यात आवडतं उदाहरण कॉर्नरशॉप. लेस्टरमध्ये सुरू झालेला बँड, तजिंदर सिंग गाणारा, आणि गाणं कुणावर तर आपल्या आशाताईंवर, 'ब्रिमफुल ऑफ आशा'. प्लेबॅक सिंगिंग, लता, रफी, जुन्या ४५ च्या रेकॉर्ड, हे सगळं त्यात. १९९७ मध्ये ब्रिटनमध्ये ते ६० नंबरवर गेलं आणि संपलं. मग नॉर्मन कुक या डीजेने रिमिक्स केला, रेडिओने उचलला, १९९८ च्या फेब्रुवारीत नंबर एक. न्यूकॅसलच्या पबमधल्या माणसाला आशा भोसले कोण हे माहीत होतं का? अजिबात नाही. संदर्भ कळला नाही तर गाणं चालत नाही हा सिद्धांत घरच्या घरीच निकालात निघाला की. अमेरिकेत कॉलेज रेडिओवाल्यांनी आणि मासिकांनी कौतुक केलं, त्यापुढे गाडी गेली नाही, कारण त्यापुढे ढकलायला पैसा कुणाकडे होता.

आणि पाचगणीच्या सेंट पीटर्समध्ये शिकलेल्या फरोख बलसाराचा, म्हणजे फ्रेडी मर्क्युरीचा बँड? १९८० मध्ये क्वीनची दोन गाणी अमेरिकेत नंबर एक होती. १९८२ नंतर फ्रेडी असेपर्यंत त्यांनी तिकडे एकही टूर केली नाही, इतकं तिकडचं गणित फिस्कटलं, आणि त्याच काळात युरोपात, दक्षिण अमेरिकेत हे स्टेडियमं भरत होते. १९९२ मध्ये, फ्रेडी गेल्यावर, एका विनोदी सिनेमातल्या गाडीत पोरांनी मान हलवली आणि 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' परत चार्टात येऊन २ नंबरवर. चालणं-न चालणं हा कायमचा शिक्कासुद्धा नाही.

भारतातल्या रॉकवाल्यांना तर हे आधीपासून कळायला हवं. आपल्याकडे युराया हीप १९८३ मध्ये येऊन वाजवून गेले, नंतर पॉर्क्युपाइन ट्री आयआयटीच्या मूड इंडिगोला, मोग्वाय पुण्याच्या एनएच७ फेस्टिवलला, आणि यांचे चाहते बिलबोर्डचा नंबर बघून जमले नव्हते. तरी आपलीच मंडळी ऑनलाइन वाद घालताना म्हणतात, "अरे पण अमेरिकेत कुठे मोठे होते ते." तुझं काय गेलं त्यात?

आता मुद्दा जो मला खरा सार्वजनिक वाटतो तो. २०१४ पासून ब्रिटिश सरकार म्युझिक एक्स्पोर्ट ग्रोथ स्कीम नावाने छोट्या कंपन्यांच्या बँडना परदेश टूरसाठी पैसे देतं. आणि गरज आहे हे उघड आहे. २०२२ मध्ये लिटल सिम्झसारख्या नावाजलेल्या रॅपरने अमेरिकेची टूर रद्द केली, कारण स्वतःच्या खिशातून करणं परवडत नव्हतं, आणि त्याच वर्षी तिला ब्रिटनचा मर्क्युरी प्राइझ मिळाला. २०२४ च्या एप्रिलपासून अमेरिकेने बँडच्या व्हिसा अर्जाची फी ४६० डॉलरवरून १६१५ केली, छोट्या संस्थांना थोडी सूट आहे, पण वर वकील, विमान, व्हॅन, हॉटेल वेगळंच. म्हणजे जे मी इतका वेळ सांगतोय तेच, की यात गाण्याचा संबंध शेवटी येतो.

तर सरकारने मदत करावी का? करावी, माझा विरोध नाही. पण "अमेरिका जिंकणे" हे ध्येय ठेवून केली तर स्लेडचीच गोष्ट पुन्हा. हे सगळे बँड, डेफ लेपर्डसुद्धा, निघाले कुठून? तीनशे माणसांच्या, घामट, चिकट फरशीच्या हॉलमधून. २०२३ या एका वर्षात ब्रिटनमधली अशी १२५ ठिकाणं एकतर बंद पडली किंवा तिथलं लाइव्ह संगीत थांबलं. बाथ शहरातलं मोल्स, जिथे ओअॅसिस आणि रेडिओहेड मोठे व्हायच्या आधी वाजवून गेले, ४५ वर्षांनी त्याच डिसेंबरात बंद झालं. आता तिकडे मागणी आहे की स्टेडियमच्या प्रत्येक तिकिटामागे एक पाउंड या छोट्या जागांना द्यायचा. सरकार म्हणतं द्या, पण मर्जीने द्या. कोल्डप्लेने २०२५ च्या ब्रिटनमधल्या शोंच्या कमाईतला दहावा हिस्सा दिला, चांगलं केलं, पण मर्जीवर सोडलं की दहातले दोन देतात आणि आठ पत्रक काढतात. सक्तीचा करा तो पाउंड. ज्या ओअॅसिसच्या तिकिटासाठी लोकांनी शेकडो पाउंड मोजले त्यात एक आणखी गेला असता तर कुणाला कळलंसुद्धा नसतं.

आणि ज्यांना अमेरिकेला जायचंच आहे त्यांनी मॅरिलियनकडे बघावं. 'केली' हे त्यांचं गाणं १९८५ मध्ये ब्रिटनमध्ये २ नंबर, अमेरिकेत ७४. पुढे १९९७ मध्ये त्यांनी सांगून टाकलं की टूरला पैसे नाहीत, तर अमेरिकेतल्या चाहत्यांनी इंटरनेटवर एकमेकांना गाठून ६० हजार डॉलर गोळा केले, तेव्हा क्राउडफंडिंग हा शब्दसुद्धा कुणी वापरत नव्हतं, आणि बँडला बोलावून घेतलं. बँड गेला, वाजवलं, परत आला. चार्टात काही फरक पडला नाही.